दप्तरातला फोन आणि वर्गातले चित्त

वर्गात चिठ्ठ्या पूर्वीही फिरत असत. मास्तर फळ्याकडे वळले, की वहीचा एक कोपरा फाटे, त्यावर चार शब्द खरडले जात आणि तो कपटा बाकाखालून हातोहात योग्य ठिकाणी पोचे. सापडला तर छडी बसे, नाही सापडला तर मधल्या सुट्टीत हसायला एक विषय मिळे. पन्नाशी ओलांडलेल्या कोणालाही हा अनुभव नवा नाही. तेव्हा आजचा विद्यार्थी बाकाखाली फोन धरून मित्राला संदेश पाठवितो यात नवे ते काय, असे कोणी विचारले तर तो प्रश्न अगदीच गैरलागू म्हणता येणार नाही.

नवे आहे ते असे. त्या चिठ्ठीला वर्गाच्या चार भिंती होत्या. ती लिहिणारा आणि घेणारा एकाच तासाला बसलेले असत, दोघांनाही एकाच मास्तरांचा धाक असे, आणि एकदा वाचून झाली की चिठ्ठी संपे. फोनवरच्या संदेशाला भिंती नाहीत. तो दुसऱ्या शाळेतून येतो, आईच्या कचेरीतून येतो, आणि ज्याचे तोंड कधी पाहिलेले नाही अशा माणसाकडूनही येतो. वाचला तरी तो संपत नाही, कारण त्याला उत्तर हवे असते, आणि उत्तराला पुन्हा उत्तर येते. शिवाय चिठ्ठीच्या पाठीशी कोणी व्यापारी उभा नव्हता. फोनच्या पाठीशी मात्र मोठमोठ्या कंपन्या उभ्या आहेत. आपल्या मुलाने तो दिवसातून आणखी एकदा उघडावा, यावरच त्यांचे उत्पन्न अवलंबून आहे.

शाळेत फोन असावा की नसावा, असा प्रश्न हल्ली पालकसभेत आणि शिक्षकांच्या खोलीत विचारला जातो. तो बहुधा शिस्तीचा प्रश्न म्हणून मांडला जातो. माझ्या मते त्याच्या आत दुसरा एक प्रश्न दडलेला आहे. मोहाला आवर घालण्याचे ओझे कोणी उचलावयाचे? एकट्या मुलाने, की आपण सर्वांनी मिळून? या प्रश्नाचा उलगडा करण्याआधी फोनवर होणारे आरोप एकेक करून तपासले पाहिजेत, कारण त्यांतील काही खरे आहेत आणि काही केवळ सवयीने केले जातात.

पहिला आरोप भाषेचा. संदेश पाठवून पाठवून मुलांची भाषा बिघडली, असे आपण वारंवार ऐकतो. या संदेशाची हकीकत मोठी मनोरंजक आहे. १९८५ साली जर्मनीतील बॉन शहरात फ्रीडहेल्म हिलेब्रांट नावाचा अभियंता आपल्या टंकलेखन यंत्रावर मनाला येतील ती वाक्ये लिहून त्यांतील अक्षरे मोजीत बसला होता. फोनवरून पाठवावयाच्या मजकुराला किती जागा पुरेल, हे त्याला ठरवावयाचे होते. बहुतेक सगळी वाक्ये १६० चिन्हांच्या आत आटोपतात असे त्याला आढळले, आणि तेवढीच मर्यादा पुढे कायम झाली. ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने संगणकावरून एका फोनवर पहिला संदेश धाडला. त्यात नाताळच्या शुभेच्छा होत्या. भारतात मोबाईलवरचे पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता आणि दिल्ली यांच्यामध्ये झाले, आणि मग संदेशाची ही सोयही आपल्याकडे आली.

पण ती १६० चिन्हे रोमन लिपीची. देवनागरीला त्याच संदेशात अवघी ७० चिन्हे मिळत, आणि मोजणीही निराळी. 'विद्यार्थी' हा शब्द आपल्या डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो. यंत्र मात्र प्रत्येक काना, वेलांटी आणि पाय मोडल्याची खूणही वेगळी मोजते आणि त्याची दहा चिन्हे करते. म्हणजे मराठीत चार वाक्ये लिहावीत, तर एका संदेशाचे दोन-तीन व्हावयाचे आणि पैसेही तितक्या संदेशांचे पडावयाचे. त्या काळच्या मुलांनी मराठी रोमन अक्षरांत लिहिली आणि स्वर गाळून शब्द आखूड केले, याला हे एक मोठे कारण होते. बोल मुलांना लागला. कात्री यंत्राने चालविली होती.

आणि शब्द आखूड करणे हे भाषेच्या अज्ञानाचे लक्षण आहे काय? इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे बेव्हर्ली प्लेस्टर, क्लेअर वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १० ते १२ वर्षांच्या मुलांची पाहणी करून २००९ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते या समजुतीच्या उलट होते. संदेशात लघुरूपे अधिक वापरणारी मुले शब्दवाचनात मागे नव्हती, उलट काहीशी पुढेच होती. यात आश्चर्य नाही. शब्दातला ध्वनी ज्याला नीट कळतो, त्यालाच त्या शब्दाचा संक्षेप साधतो. ज्या समाजाने पत्राच्या मायन्यात 'सा. न. वि. वि.' आणि लग्नपत्रिकेत 'चि. सौ. कां.' लिहून पिढ्यान् पिढ्या काढल्या, त्याने तरी संक्षेपाला नावे ठेवू नयेत. भाषेचा आरोप, तेव्हा, आपण बाजूला ठेवू.

दुसरा आरोप अवधानाचा, आणि तो मात्र गंभीर आहे. मनाची घडण अशी आहे, की विचार लागणारी दोन कामे त्याला एकाच वेळी करता येत नाहीत. चालता चालता बोलता येते, विणता विणता गोष्ट ऐकता येते, कारण त्यांतील एक काम हाताच्या किंवा पायाच्या सवयीवर सोडलेले असते. परंतु सिद्धांत समजावून घेणे आणि मित्राचा संदेश वाचणे ही दोन्ही कामे मनाच्या एकाच ठिकाणी होतात. मग मन दोहोंमध्ये ये-जा करू लागते, आणि प्रत्येक फेरीला थोडा वेळ खर्च होतो.

भूमितीच्या तासाचेच उदाहरण घ्या. बाई फळ्यावर सिद्धतेची तिसरी पायरी लिहीत आहेत. मुलाच्या खिशात फोन थरथरला. त्याने तो बाकाखाली काढला, वाचला, दोन शब्दांचे उत्तर दिले. सगळे मिळून पंधरा सेकंद गेले. मान वर केली, तो फळ्यावर पाचवी पायरी आली आहे. चौथी त्याने पाहिलीच नाही, म्हणून पाचवी त्याला कळत नाही. पाचवी कळत नाही म्हणून सहावीत रस राहत नाही. आणि ज्या फळ्यात रस नाही त्यापेक्षा फोन अधिक ओढू लागतो. पंधरा सेकंदांची उसनवारी केली आणि तिचे व्याज म्हणून सगळा तास द्यावा लागला.

यावर कोणी म्हणेल, आजची मुले अष्टावधानी आहेत, त्यांना एका वेळी चार गोष्टी साधतात. अष्टावधान ही आपल्याकडील जुनी आणि खडतर विद्या आहे. आठ बाजूंनी प्रश्न आले तरी धरलेला धागा सुटू न देणे, हे तिचे मर्म. तिच्यासाठी वर्षानुवर्षांची साधना लागते. जो आवाज येईल तिकडे मान वळविणे याला ते नाव देणे बरोबर नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात २००९ साली झालेल्या प्रयोगांत एकाच वेळी अनेक माध्यमे हाताळण्याची सवय असलेले विद्यार्थी तपासले गेले. बिनमहत्त्वाची गोष्ट बाजूला सारण्याच्या कामात ते इतरांपेक्षा कमी पडले.

मुलाला हे कळत नाही काय? बहुतेकांना कळते. तरीही हात खिशाकडे जातो, याचे कारण जुन्या एका प्रयोगात सापडते. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांना कळ टोचावयास शिकविले. कळ टोचली की दाणा मिळे. ठराविक टोचण्यांनंतर दाणा मिळत असेल, तर दाणा मिळाल्यावर कबूतर थोडे थांबे. पण दाणा केव्हा मिळेल याचा नेम नसेल, कधी दुसऱ्या टोचणीला तर कधी पन्नासाव्या, तर ते न थांबता टोचीत राही. फोनचा दाणा असाच बेभरवशाचा आहे. दहा वेळा उघडला तर नऊ वेळा काहीच नसते. दहाव्या वेळी मैत्रिणीचा निरोप असतो. त्या दहाव्या वेळेसाठी नऊ वेळा हात जातो. मोठी माणसे याला अपवाद आहेत असे कोणी समजू नये. व्याख्यान चालू असताना सभागृहात किती चेहरे खालून उजळलेले असतात, ते एकदा पाहावे.

आता या हानीचा वाटा कोणाच्या पदरी किती पडतो ते पाहू. लुई-फिलिप बेलां आणि रिचर्ड मर्फी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी इंग्लंडमधील चार शहरांतल्या ९१ शाळांची माहिती तपासून २०१५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. ज्या शाळांनी फोनवर बंदी घातली, त्यांच्या परीक्षांचे निकाल बंदीनंतर कसे बदलले, हे त्यांनी पाहिले. एकंदरीने निकाल थोडे सुधारले. पण खरी गोष्ट पुढेच आहे. वर्गातील हुशार मुलांच्या गुणांत बंदीने काही फरक पडला नाही. मागे पडलेल्या मुलांचा फायदा मात्र सरासरीच्या दुपटीहून अधिक होता.

भूमितीच्या त्या तासाकडे पुन्हा पाहिले, की याचा अर्थ लागतो. हुशार मुलगा सुटलेली चौथी पायरी स्वतः जुळवितो. सुखवस्तू घरातील मुलाला ती संध्याकाळी शिकवणीत पुन्हा मिळते. ज्याच्या घरी शिकलेले कोणी नाही आणि शिकवणीला पैसे नाहीत, त्याला ती पायरी फक्त त्या तासाला, त्या फळ्यावरच मिळणार होती. फोन सर्वांच्या खिशात सारखाच थरथरतो; तो जे नेतो ते मात्र सर्वांकडे सारखे नसते. म्हणूनच हा प्रश्न मला शिस्तीपेक्षा मोठा वाटतो.

येथे एक इशारा दिला पाहिजे. बंदी घातली आणि सगळे काही सुधारले, असे सरसकट म्हणण्याला आधार नाही. स्वीडनमध्ये अशीच पाहणी झाली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत बंदीचा निकालांवर काही परिणाम दिसला नाही. इंग्लंडमधील ३० शाळांची आणि १२२७ मुलांची पाहणी करून बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ साली जे मांडले, ते तर विशेष विचार करण्याजोगे आहे. कडक नियमांच्या शाळांतील मुलांचे मानसिक स्वास्थ्य सैल नियमांच्या शाळांतील मुलांपेक्षा चांगले आढळले नाही. दिवसभराचा एकूण हिशेब केला, तर फोनवर जाणारा त्यांचा वेळही कमी नव्हता. आणि जी मुले फोनवर अधिक वेळ घालवीत होती, त्यांची झोप, अभ्यास आणि वर्तन यांची स्थिती मात्र अधिक वाईट होती. याचा अर्थ सरळ आहे. शाळा आपल्या तासांपुरते चित्त राखू शकते. घंटा झाल्यानंतरचे काम तिच्या एकटीच्या हाती नाही.

तरीसुद्धा देशामागून देश शाळेतील फोनला आवर घालीत आहेत. फ्रान्सने २०१० साली शिकविण्याच्या वेळेत फोन वापरण्यास मनाई केली आणि ऑगस्ट २०१८ च्या कायद्याने ती सुमारे पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शाळांत दिवसभरासाठी लागू केली. अपंग विद्यार्थी आणि शिक्षणासाठी होणारा वापर यांना त्यात सूट ठेवली आहे. नेदरलँड्समध्ये जानेवारी २०२४ पासून माध्यमिक शाळांच्या वर्गांत फोन वर्ज्य ठरला. ब्राझीलने जानेवारी २०२५ मध्ये देशभरासाठी तसा कायदा केला, आणि दक्षिण कोरियाने त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये.

परंतु कायदा केला म्हणजे झाले, असे समजणाऱ्यांनी न्यूयॉर्क शहराची कथा ऐकावी. तेथे २००६ सालच्या सुमारास महापौर ब्लूमबर्ग यांच्या कारकिर्दीत शाळेत फोन आणण्यावरील बंदी कडकपणे अमलात येऊ लागली. सर्वांत मोठा विरोध केला तो पालकांनी. २००१ च्या सप्टेंबरातील हल्ल्याची आठवण ताजी होती. मुलाशी केव्हाही बोलता आले पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. काही पालक न्यायालयात गेले, पण दावा टिकला नाही. पुढे जे घडले ते बोलके आहे. ज्या शाळांच्या दारात धातुशोधक यंत्रे होती तेथेच बंदी खऱ्या अर्थाने पाळली गेली, आणि अशा शाळा बहुधा गरीब वस्त्यांतल्या. इतर शाळांत फोन दप्तरात असे आणि त्याकडे कानाडोळा होई. गरीब वस्तीतील मुलांसाठी शाळेबाहेर गाड्या उभ्या राहू लागल्या. रोज एक डॉलर घेऊन त्या फोन सांभाळीत. नियम सर्वांना एक, भुर्दंड मात्र गरिबाला! २०१५ साली ती बंदी उठली. पुढे २०२५ च्या सप्टेंबरापासून न्यूयॉर्क राज्याने पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत फोन बंद ठेवण्याचा नियम आणला. या वेळी फोन ठेवण्याच्या सोयीसाठी सरकारने पैसे दिले, आणि पालकांना मुलाशी संपर्क साधण्याचा मार्ग प्रत्येक शाळेने ठरवून द्यावा असेही घातले. पहिल्या वेळी ओझे मुलावर होते. दुसऱ्या वेळी ते शाळेने आणि सरकारने उचलले.

परदेशाचे हे झाले. आपल्याकडे परिस्थितीला आणखी एक पदर आहे. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या, आणि जो फोन दप्तरात सापडला असता तर जप्त झाला असता, तोच फोन एका रात्रीत शाळा होऊन बसला. ज्या घरात एकच फोन, तेथे बहीण-भावांनी तास वाटून घेतले. शाळा पुन्हा भरल्या, पण फोन मुलाच्या हातून परत गेला नाही. मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेच्या 'असर' पाहणीत २०२४ साली देशाच्या ग्रामीण भागातील १४ ते १६ वर्षांच्या मुलांना विचारले, तेव्हा ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी मागल्या आठवड्यात काही अभ्यासासाठी तो वापरल्याचे ५७ टक्क्यांनी सांगितले. समाजमाध्यमांसाठी वापरल्याचे ७६ टक्क्यांनी. म्हणजे फोन शाळेचा शत्रू आहे असे म्हणण्याची सोय आपल्याला उरलेली नाही. गृहपाठ व्हॉट्सॲपच्या गटावर पाठवावयाचा आणि मुलाला फोन पाहू नको म्हणावयाचे, हा विरोधाभास मुलांच्या ध्यानात येत नाही असे थोडेच आहे?

या अडचणीतून वाट काढण्याचा एक प्रयत्न आपल्याच सांगली जिल्ह्यात झाला आहे. मोहित्यांचे वडगाव या सुमारे तीन हजार वस्तीच्या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये ठरविले, की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजावयाचा आणि साडेआठला दुसरा वाजेपर्यंत घरोघरचे मोबाईल व दूरदर्शन संच बंद ठेवावयाचे. तो वेळ मुलांच्या अभ्यासाचा. भोंगा सर्वांसाठी होता, हे त्यातील विशेष. बापाने क्रिकेटचा सामना पाहावयाचा आणि मुलाने पुस्तक उघडावयाचे, असा तो करार नव्हता. विचार केला तर ही कल्पना आपल्याला परकी नाही. दिवेलागणीला परवचा म्हणावयाचा, त्या वेळी घरातले सगळेच आवाज खाली येत. भोंग्याने दिवेलागणीला नवे रूप दिले.

सर्वांनी मिळून करण्यात एवढे काय आहे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर संदेशाच्या स्वभावातच आहे. वर्गातील एकट्याच मुलीने फोन बंद ठेवला, तर मैत्रिणींचे बोलणे तिच्यावाचून पुढे जाते. दुसऱ्या दिवशी सगळ्या ज्या गोष्टीवर हसतात ती तिलाच ठाऊक नसते. त्या वयात यासारखी शिक्षा नाही. पण सगळ्यांचेच फोन बंद असतील, तर मागे राहावयाचे ते कशापासून? एकट्याला जो त्याग असतो तो सर्वांना मिळून त्याग राहतच नाही. म्हणून 'आमच्या मुलाला फार समजावले, पण ऐकत नाही' ही तक्रार मला अपुरी वाटते. जे काम एकट्याच्या निग्रहाने होण्यासारखे नाही, ते आपण त्याच्या निग्रहावर सोपवून मोकळे होतो.

मग करावयाचे काय? मला सुचते ते थोडक्यात सांगतो. फोन घरून निघताना बरोबर असण्याला हरकत नसावी. एसटीने दूरच्या गावाहून येणाऱ्या मुलीच्या आईवडिलांची काळजी खोटी नाही. मात्र पहिल्या घंटेला सर्वांचे फोन एका ठिकाणी जमा व्हावेत, आणि ती पेटी शाळेने विनामूल्य द्यावी. ज्या मधुमेही मुलाला रक्तातील साखरेचे माप फोनवर पाहावे लागते, किंवा ज्याला अपंगत्वामुळे फोनची मदत लागते, त्याला न विचारता, चारचौघांत कारण सांगावयास न लावता सूट असावी. अडीअडचणीला शाळेच्या कचेरीतला फोन कोणीतरी उचलील, याची हमी मुख्याध्यापकांनी द्यावी. शिक्षकांनीही तासाला आपला फोन त्याच पेटीत ठेवावा. गृहपाठ फळ्यावर लिहिला जावा. आणि पालकांनी शाळेच्या वेळात मुलाला संदेश पाठवू नये. 'डबा खाल्लास का?' हा प्रेमाचा प्रश्न भूमितीच्या तासाला आला, तर तोही चौथी पायरी पुसूनच जातो.

यांतील एकही गोष्ट अवघड नाही, आणि एकही गोष्ट एकट्या विद्यार्थ्याला करता येण्यासारखी नाही. त्या बाकावर बसलेल्या, घरी विचारायला कोणी नसलेल्या मुलाला फळ्यावरची चौथी पायरी दिसावी, एवढ्यासाठी आपण मोठी माणसे दिवसाचे काही तास आपला हात आवरू शकतो काय? मुलांकडे बोट दाखविण्यापूर्वी आजच संध्याकाळी, साता ते साडेआठ, आपल्या घरी हे करून पाहावे.